शेजारच्या खुर्चीतला सिनेमा

उमाकांत गुळवणींवर सिनेमा निघाला. साऱ्या सांगलीनं तो पाहिला. गुळवणींना मात्र तो काही केल्या दिसेना.

तसा डोळ्यांना दिसत होता. तिकीट काढून, चांगली मधली खुर्ची घेऊन ते दोनदा बसून आले होते. पण त्यांनी पाहिलेल्या सिनेमात उमाकांत गुळवणी नावाचे एक गृहस्थ गाडीत बसतात, आरसा नीट करतात, पट्टा लावतात आणि दुसऱ्या गिअरमध्ये मिरजेला जातात. वाटेत प्रत्येक सिग्नलला थांबतात. मध्यंतरानंतर टायरमधली हवा तपासतात आणि त्याच रस्त्यानं परत येतात. समाप्त. जाहिरातीत 'हास्य आणि हाणामारीचा धमाका' असं लिहिलं होतं. गुळवणींनी हाणामारीची वाट शेवटच्या पाटीपर्यंत पाहिली. एकदा एक कुत्रं आडवं गेलं, तेवढंच.

आणि बाहेर पडतात तोच पानपट्टीवाला सदाशिव टपरीवरून खाली उतरून त्यांच्या पाया पडला.

"सर, जेसीबीवरनं उडी मारताना भीती नाही वाटली व्हय?"

"कुठल्या जेसीबीवरून?"

"बघा! मोठ्या माणसाचं हे असं असतंय. करायचं आणि विसरायचं!"

पुढे भाजीवाल्या मावशींनी त्यांना कोथिंबिरीची जुडी तशीच दिली, कारण सिनेमात त्यांनी मावशींच्या घरमालकाला पाण्याच्या टाकीत बुडवला होता. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की आमच्या वरच्या साहेबांना तुम्ही ज्या शब्दांत सुनावलंत त्याला तोड नाही. गुळवणींनी आयुष्यात कोणाला सुनावलं नव्हतं. ते मोटार शिकवत असत, आणि मोटार शिकवणाऱ्याला सुनावावं लागत नाही. त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो.

हा दुसरा ब्रेक समजल्याशिवाय गुळवणी समजायचे नाहीत. शिकवणीच्या गाडीत उजवीकडे शिकणारा बसतो, त्याच्या हातात चाक असतं आणि आपण गाडी चालवतो आहोत असा त्याचा समज असतो. डावीकडे मास्तर बसतो. त्याच्या पायाखाली आणखी एक ब्रेक असतो आणि गाडी खरं तर तो चालवतो, म्हणजे थांबवतो. 'गुळवणी मोटार ट्रेनिंग स्कूल'मध्ये उमाकांत गुळवणी तीसेक वर्षं डावीकडे बसले होते. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आता आपल्या आपण चालत आणि माणसं आत बसून पेंगत. तरी हौसेनं तबला शिकावा तशी गिअरची गाडी शिकणारी मंडळी सांगलीत अजून होती, आणि ती सगळी गुळवणींकडेच येत.

त्या सुमारास शहरात प्रत्येकाच्या मनगटावर आरोग्यपट्टी आली होती. नाडी मोजायची, बिघडली तर विचारपूस करायची आणि फारच बिघडली तर रुग्णवाहिका पाठवायची, हे पट्टीचं काम. एकदा एका विद्यार्थिनीनं गाडी थेट एसटीच्या तोंडात नेली. तिची नाडी एकशे सत्तरवर गेली, मागे बसलेल्या तिच्या भावाची तर पट्टीच बंद पडली. गुळवणींची नाडी चौसष्ट होती. त्यांनी पाय दाबला, गाडी थांबली, आणि ते म्हणाले, "आरसा बघितलास का?"

रंगछाया नावाची सिनेमा कंपनी नेमक्या अशाच नाडीच्या शोधात होती.

इथे थोडं विज्ञान येतं, पण घाबरण्यासारखं नाही. पूर्वी सिनेमा आधी तयार व्हायचा आणि लोक तो नंतर बघायचे. रंगछायाच्या यंत्रानं हा क्रम उलटा केला. प्रेक्षकानं खुर्चीत बसून चष्मा चढवला, की चष्म्याच्या काड्या कानामागची नाडी मोजत, भिंगं डोळ्यांतल्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते बघत आणि खुर्चीचे हात तळव्यांचा घाम टिपत. यंत्र पुढचं दृश्य दहा तऱ्हांनी रंगवून तयार ठेवी, आणि ज्या तऱ्हेकडे प्रेक्षकाचं काळीज कलेल ती त्याच्या चष्म्यात सोडी. गोष्टीचा सांगाडा सगळ्यांना एकच. एक टोळी शहरातल्या साऱ्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा ताबा घेते, आणि जुनी गिअरची गाडी असलेला एक साधा मास्तर शहर वाचवतो. पण त्यानं कोणाला बुडवायचं, कशावरून उडी मारायची आणि मध्येच कोणाशी काय बोलायचं, हे ज्याची त्याची नाडी ठरवी. एका खेळाला जितक्या खुर्च्या तितके सिनेमे.

अडचण नायकाची होती. नावाजलेला नट घेतला, तर त्याचा राग कसा आणि हसू कसं हे लोकांच्या डोक्यात आधीच बसलेलं. यंत्राला तो हवा तसा वाकवता येईना. ज्यावर अजून कोणी काहीच लिहिलेलं नाही असा चेहरा हवा होता. पट्ट्यांच्या नोंदी चाळल्या आणि चेहरा सांगलीत सापडला.

गुळवणींना स्वतःच्या सिनेमात काही घडताना का दिसलं नाही, तेही यातच आलं. सुरुवातीला यंत्रानं त्यांना दोन स्फोट आणि एक नाच दाखवून पाहिला होता. गुळवणींना तो जाहिरातीचा भाग वाटला. नाडी हलेना. शेवटी, आपल्याला कोणी ओव्हरटेक केलं नाही की या माणसाची नाडी किंचित समाधानानं खाली येते, एवढं यंत्राला उमगलं. मग त्यानं प्रामाणिकपणे तेच दाखवलं.

संमतीचं काय, असं कोणी विचारील. तिथे गुळवणी अस्सल मराठी माणसासारखे फसले. कंपनीनं त्यांचा सत्कार केला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि निवेदिका म्हणाली, "आता गुळवणी सर सत्काराला उत्तर देतील." सत्काराला जे उत्तर द्यायचं असतं ते गुळवणींनी दिलं. हात जोडून ते म्हणाले, "मी कोण? नुसता निमित्त. यात माझं असं काहीच नाही. जे काही आहे ते सगळं तुमचंच आहे, ते आपण गोड मानून घ्यावं."

समोर कॅमेरा चालू होता, आणि कॅमेऱ्यापुढे दिलेली तोंडी संमती तोवर कायद्यानं पक्की झाली होती. कंपनीनं ते गोड मानून घेतलं.

"अहो, ते बोलायची पद्धत असते!" सिनेमा लागल्यावर गुळवणी फोनवर कंपनीच्या ईशानी राजाध्यक्ष नावाच्या निर्मातीला म्हणाले.

"सर, आमच्या यंत्राला मराठी कळतं," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "पद्धत अजून कळत नाही. पण इतक्या मोकळ्या मनानं चेहरा देणारा माणूस आम्ही पाहिला नाही."

तेव्हापासून गुळवणींचा दिवस सकाळी शिकवणीच्या गाडीत बिघडायला सुरुवात होई. शिकायला येणारे आता पूल कसा उडवायचा ते विचारत. गुळवणींनी ब्रेक दाबला की हिरमुसून म्हणत, "सिनेमातले सर असे नाहीत." एका गृहस्थांनी तर तक्रार केली, की हे गुळवणी खोटे आहेत, खऱ्यांना पाठवावं.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण रेवतीबाईही सिनेमाला जायला लागल्या.

रेवतीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. जिल्हा परिषदेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आधी त्या मैत्रिणींबरोबर गेल्या, मग एकट्या, मग दर मंगळवारी आणि अधूनमधून शुक्रवारीही. परत येत तेव्हा गाल तापलेले असत, ओठांवर काहीतरी गुणगुणणं असे. दार उघडून त्यांना टेबलाशी बसलेले गुळवणी दिसत, आणि आपली बस समजून हात करावा अन् भलत्याच गावची बस येऊन थांबावी, तसा त्यांचा चेहरा होई.

"आज काय केलं मी?" गुळवणींनी एकदा विचारलं.

"कुठे?"

"सिनेमात."

"छान होतात."

"छान म्हणजे? कोणाला बुडवलं?"

"छे! तसलं काही नाही."

"मग उडीबिडी?"

"अहो, ते सांगून कळायचं नाही. पान घेऊ का तुमचं?"

जेवताना रेवतीबाईंनी सहज सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी सहाला एक माणूस येणार आहे. भिंत मोजायला."

"कुठली भिंत?"

"बैठकीतली. घरचा पडदा बसवून देतात म्हणे, ज्यांनी पुष्कळदा पाहिलाय त्यांना. आपला आपला सिनेमा कायमचा घरी. आणि तो संपत नाही, रोज पुढे चालू राहतो. बोलतातसुद्धा."

"कोण बोलतं?"

"तुम्ही."

"मी बोलतोच की!"

रेवतीबाईंनी त्यांना आमटी वाढली.

शनिवारपासून या घरात दोन उमाकांत गुळवणी राहणार, आणि त्यांतला एक जास्तीचा असणार, हे गुळवणींच्या ध्यानात आलं. कोणता, ते कळायला यंत्राची गरज नव्हती. पण तो दुसरा असं करतो तरी काय? जेसीबीवरून उडी मारत नाही, कोणाला बुडवत नाही, आणि तरी बाई गुणगुणत घरी येते!

त्यांनी जोडीची खुर्ची काढून पाहिली. तिथे दोघांच्या नाड्या एकत्र करून दोघांना एकच सिनेमा दाखवत. सिनेमात गुळवणी दुसऱ्या गिअरमध्ये मिरजेला गेले, आणि मागच्या सीटवर बसलेल्या रेवतीबाई दोन तास त्यांच्या टकलाकडे पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "याला तिकीट कशाला काढायचं?"

शनिवार उजाडला. पडदा घरी येण्याआधी शेवटचं म्हणून रेवतीबाई दुपारच्या खेळाला गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग, शिकवणीची गाडी घेऊन, गुळवणी गेले.

सिनेमागृहाचं यंत्र सांभाळणारा इम्तियाज मुल्ला त्यांचा जुना विद्यार्थी. दाढी पिकली होती, पण सरांना पाहताच तो खुर्चीवरून उठला आणि सवयीनं त्याचा हात पट्टा लावायला छातीकडे गेला.

"बसा की सर! चहा सांगतो."

"चहा नको. मला रेवतीच्या खुर्चीतला सिनेमा बघायचाय."

इम्तियाजनं दार लोटून घेतलं. "सर, दुसऱ्याच्या खुर्चीतलं बघायचं नसतंय. कायदा ऱ्हाऊ दे बाजूला, ते दुसऱ्याच्या सपनात डोकावल्यागत हाय."

"दुसऱ्याच्या कुठे? माझी बायको आहे ती."

"म्हणून तर सांगतोय!"

गुळवणींनी सहाला येणाऱ्या माणसाबद्दल आणि भिंतीबद्दल सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, पण इम्तियाजला त्यात काय ऐकू आलं कोण जाणे. त्यानं खणातून एक जाड काड्यांचा चष्मा काढला.

"हा तपासणीचा. खुर्ची बिघडली की आम्ही लावून बघतो आत काय चाललंय ते. पण ह्यालाबी नाडी कळती. आम्ही जरा जास्त वेळ लावला की आमची नाडी त्या माणसाच्या सिनेमात मिसळती, मग त्याचा सिनेमा बिघडतो. तुमची गोष्ट येगळी. तुमची नाडी हलतच नाही. यंत्राला वाटंल, चष्मा टेबलावर पडलाय."

"मग अडचण काय?"

"काय नाही," इम्तियाज म्हणाला. "फकस्त हलू देऊ नका."

गुळवणी रेवतीबाईंच्या मागच्या रांगेत जाऊन बसले आणि चष्मा चढवला.

त्यांचीच शिकवणीची गाडी होती ती. पिवळी, पुढे लाल 'एल'. मागे टोळीचे बिनड्रायव्हरचे ट्रक धुरळा उडवत येत होते. गाडीच्या डाव्या सीटवर उमाकांत गुळवणी बसले होते. बसले कसले, पसरले होते. सीट मागे रेललेली, चपला काढलेल्या, दोन्ही पाय डॅशबोर्डवर, हातात कागदाचा पुडा, पुड्यात चुरमुरे-शेंगदाण्यांचं भडंग. आणि चाकावर होत्या रेवतीबाई.

"अहो, उजवीकडे घेऊ का?"

"घे की. रस्ता तुझाच आहे."

गाडी वळली. वळताना एका दुधाच्या टेम्पोला घासली.

"लागली वाटतं."

"लागू दे. पत्रा आहे," सिनेमातले गुळवणी म्हणाले आणि हसले. सिनेमागृहात मागच्या रांगेत बसलेल्या गुळवणींना आपण हसताना असे दिसतो हे ठाऊक नव्हतं. मग त्या गृहस्थांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठभर भडंग मागे भिरकावलं. ट्रकच्या कॅमेऱ्यांना प्रत्येक शेंगदाणा रस्ता ओलांडणारा पादचारी वाटला, आणि टोळीचा अख्खा ताफा कचकन थांबून शेंगदाण्यांना वाट देऊ लागला. पुढच्या रांगेत रेवतीबाई मोठ्यानं हसल्या. असं हसणं घरात शेवटचं केव्हा ऐकलं ते गुळवणींना सांगता आलं नसतं.

त्यांना भलतंच आठवलं. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. रेवती म्हणाली होती, सगळ्या गावाला शिकवता, मला शिकवा. त्यांनी तिला चाकावर बसवलं होतं. विश्रामबागेपासून पुष्पराज चौकापर्यंत त्यांनी इतक्यांदा ब्रेक दाबला, की चौकात तिनं गाडी बंद केली, उतरली आणि चालत घरी गेली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. गुळवणींना ते कधी आठवलंही नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. अपघात झाला नव्हता.

म्हणजे त्या दुसऱ्या माणसाची मर्दुमकी ती एवढीच. तो काही करत नव्हता.

सिनेमा पुढे चालला होता. गाडी अंकलीच्या पुलावर आली. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, समोरून काय येतंय ते दिसत नाही, आणि रेवतीबाईंनी गाडी बाहेर काढली. डावीकडचे गृहस्थ पुड्याच्या तळाचं भडंग शोधत होते.

मागच्या रांगेतल्या गुळवणींचा पाय आपोआप खाली गेला आणि सिनेमागृहाच्या फरशीवर जोरात दाबला गेला. कानामागे काहीतरी धाडकन उसळलं.

पुलावर गाडी जागच्या जागी थांबली. सिनेमातल्या गुळवणींनी पाय डॅशबोर्डवरून खाली घेतले, चपला घातल्या, शर्टावरचं भडंग झटकलं, सीट सरळ केली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "आरसा बघितलास का?"

पुढच्या खुर्चीत रेवतीबाईंनी चष्मा काढला. मागे वळल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात ना मागे?"

दोघं गाड्या लावायच्या जागेपर्यंत आले. तिथे रेवतीबाई थांबल्या.

"माझ्या डोक्यातसुद्धा येऊन ब्रेक मारलात!"

"अगं, पुढे ट्रॅक्टर होता."

"खोटा होता तो!"

"अंतर बरोबर होतं," गुळवणी म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं हे त्यांनाही लगेच कळलं. "बरं. मी शिकवतो तुला. उद्यापासून."

"शिकवणारे उदंड झाले. मला नुसता बसणारा हवाय." त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. शिकाऊ परवाना. ताजा.

"हा कधी काढलास? मला बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तुम्ही माझी तयारी घेतली असती आणि मी नापास झाले असते. किल्ली द्या."

"आत्ता? शनिवारची गर्दी आहे."

"सहाला तो माणूस येतोय. तोवर वेळ आहे. तुम्ही डावीकडे बसा, आणि बसून राहा. एकदा जरी पाय दाबलात, तर मी घरी जाऊन त्याला भिंत मोजून देणार. आणि मग तुम्ही आहात, तुमची शाळा आहे."

गुळवणींनी किल्ली दिली. डावीकडे बसले, पट्टा लावला, आणि खबरदारी म्हणून दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली.

गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. रस्त्यावर आल्याबरोबर गुळवणींच्या उजव्या पायाच्या तळव्याला मुंग्या आल्या. एक रिक्षा आडवी आली. रेवतीबाईंनी उशिरा पण बरोबर वळवली. गुळवणींनी पायाचा अंगठा हातानं धरून ठेवला. मनगटावरची पट्टी आधी पिवळी झाली, मग लाल, आणि तिच्यातून एक सुस्वर आवाज आला.

"नमस्कार उमाकांतजी. आपली नाडी एकशे त्रेचाळीस आहे. आपण धावत आहात का?"

"नाही."

"जिना चढत आहात का?"

"बसलोय!"

"कृपया शांत बसून राहा."

"तेच करतोय मी!" गुळवणी ओरडले. ते ओरडू शकतात हे रेवतीबाईंनाही नवीन होतं.

"घाबरू नका. आपली आजवरची नाडी पाहता हा गंभीर प्रकार आहे. मदत निघाली आहे."

आणि कर्मवीर चौकात मागून भोंगा वाजवत एक बिनड्रायव्हरची रुग्णवाहिका आली.

"कोणाला काय झालं हो?" रेवतीबाईंनी आरशात बघत विचारलं. आरशात बघत! गुळवणींनी ते टिपलं, पण बोलण्याची सोय नव्हती.

"मला झालंय. काही नाही. तू चालव."

"तिला वाट देऊ?"

त्यांनी गाडी डावीकडे घेतली. रुग्णवाहिकाही डावीकडे आली. त्या उजवीकडे गेल्या, तीही उजवीकडे. तिला पुढे जायचंच नव्हतं. तिचा रोगी पुढच्या गाडीत मांडी घालून बसला होता. "हिला काय हवंय?" म्हणत रेवतीबाईंनी वेग वाढवला, तिनंही वाढवला. फुटपाथवरचे लोक थांबून पाहू लागले. सिनेमातले गुळवणी सर, शेजारी चाकावर त्यांची बायको, मागे भोंगा. "शूटिंग! दुसरा भाग काढतायत!" असा ओरडा झाला, शिट्ट्या पडल्या, आणि कोणीतरी गॅलरीतून सरांवर फुलं टाकली. ती पुढच्या काचेवर पडली. रेवतीबाईंनी वायपर चालू केला. त्यासाठी त्यांनी आधी दोन्ही बाजूंचे दिवे लावून पाहिले आणि हॉर्न वाजवून पाहिला.

"सर, ॲक्शन!" कोणीतरी ओरडलं.

ॲक्शन आत चालली होती. गुळवणींनी दोन्ही हातांनी स्वतःचे पाय धरून ठेवले होते आणि घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तीस वर्षांत त्यांनी हजारो अपघात एका पायानं टाळले होते. त्याला जोर लागतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पाय न हलवायला एवढा जोर लागतो हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हरिपूरच्या रस्त्याला लागल्यावर गर्दी सुटली. दुतर्फा चिंचा, अरुंद रस्ता, आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. मागे भोंगा कानाशी आलेला. रेवतीबाईंनी गाडी जराशी उजवीकडे काढली.

गुळवणींच्या तोंडात शब्द आला, तो त्यांनी गिळला. मांडी सुटली. पाय खाली गेला. ब्रेकच्या वर, वीतभर अंतरावर तो थरथरत थांबला, आणि गुळवणींनी अशी गोष्ट केली जी चालत्या गाडीत कुठल्याही मोटार शिक्षकानं करू नये. त्यांनी डोळे मिटून घेतले.

टायर किंचाळले. गाडी थांबली. मागे रुग्णवाहिका थांबली, भोंगा बंद पडला. गुळवणींनी डोळे उघडले तेव्हा गाडी ट्रॅक्टरच्या मागेच होती, मधलं अंतर अगदी रीतसर, आणि समोरून आलेला दुधाचा टेम्पो शेजारून निघून जात होता. त्यांनी खाली पाहिलं. पाय वरच होता.

"दिसत होतं मला," रेवतीबाई म्हणाल्या. त्यांचे हात चाकावर घट्ट होते. "एवढं कळतं हो."

"हो," गुळवणी म्हणाले. आणखी काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण तोवर रुग्णवाहिकेतून दोन यांत्रिक हात बाहेर आले होते. त्यांनी दार उघडलं, पट्टा सोडवला, गुळवणींना अलगद उचललं, आडवं केलं आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. "अहो, मला काही झालेलं नाही!" हे त्यांचं वाक्य मास्कमध्येच राहिलं. सुस्वर आवाजानं त्यांना पुन्हा शांत राहायला सांगितलं.

रुग्णवाहिका वळून दवाखान्याकडे निघाली. मागच्या काचेतून गुळवणींना पिवळी गाडी दिसत होती. चाकावर रेवतीबाई, डावीकडे कोणी नाही. बराच वेळ ती मागून येत राहिली. मग तिचा उजवा दिवा लुकलुकला, ती बाहेर आली, रुग्णवाहिकेच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. गुळवणींच्या पायाखाली दाबायला गादीशिवाय काही नव्हतं. ती त्यांनी दाबली.

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं तेव्हा रेवतीबाई आधीच पोचल्या होत्या. कानाशी फोन होता.

"नाही, आज नको," त्या सांगत होत्या. "आम्ही बाहेर आहोत... हो, दोघंही... भिंत आहे तिथेच आहे हो, कुठे जातेय! पुढच्या शनिवारी करा फोन. तोवर यांचं काय होतंय ते बघते... नाही, नक्की नाही सांगता येणार."

त्यांनी फोन ठेवला आणि स्ट्रेचरजवळ येऊन उभ्या राहिल्या. गाल तापलेले होते.

पलीकडे दवाखान्याचा रखवालदार पिवळ्या गाडीभोवती फेरी मारत होता. गाडी दोन गाड्यांच्या जागेत तिरकी घुसली होती आणि तिचं मागचं चाक तुळशीच्या कुंडीवर चढलं होतं.

"अशी कोणी लावली ही?" रखवालदारानं आवाज चढवला.

गुळवणींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"माझ्या बायकोनं," ते म्हणाले. "चांगली लावलीय. असू दे तशीच."

"उमाकांतजी," मनगटावरची बाई काळजीनं म्हणाली, "आपली नाडी पुन्हा वाढत आहे."